दुसऱ्या फोनचं काय झालं?

रात्रीचे दोन. सकाळी दहाला फायनल इयरचा डेमो आणि माझी रूममेट वायफायला शिव्या घालत बसलेली!

तिचं चॅट ॲप तिच्या फोनवर मस्त चालत होतं. माझ्या फोनवरही ‘कनेक्टेड’ दिसायचं, पण मेसेज एकही जाईना. राउटर दोनदा बंद-चालू केला, हॉटस्पॉट लावून पाहिला. मी मास कॉमवाली, कोडिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. माझं काम एकच, दुसरा फोन हातात धरून बसायचं. पण गंमत म्हणजे घोळ दुसऱ्या फोनमुळेच सापडला.

तुमच्या कॉलेजबाहेरचा वडापाववाला आठवा. कढईत वडे सोडले की तो तळून होईपर्यंत बघत बसतो का? तेवढ्यात तो पुढची ऑर्डर घेतो, पाव कापतो, सुट्टे देतो. सर्व्हरलाही तसंच वागावं लागतं. कोणी येतंय का म्हणून प्रोग्राम दारातच ताटकळत राहिला, तर आत आलेल्यांकडे बघणार कोण? म्हणून तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगून ठेवतो, ‘कोणी आलं की हाक मार,’ आणि आपल्या कामाला लागतो. याला म्हणतात असिंक्रोनस ॲक्सेप्ट.

हे डोकं एका दिवसात लढवलेलं नाही बरं का! एका सर्व्हरवर एकाच वेळी दहा हजार कनेक्शन्स कशी सांभाळायची, हा प्रश्न डॅन केगल यांनी १९९९ मध्ये मांडला आणि तो ‘सी-टेन-के’ म्हणून गाजला. पुढे २००८ मध्ये सी प्लस प्लसच्या बूस्ट संग्रहात ‘एसिओ’ ही लायब्ररी आली, २००९ मध्ये नोड जेएस आलं. थोड्याफार फरकाने सगळ्यांचा मंत्र तोच, वाट बघत थांबू नका.

रूममेटने एसिओच वापरलं होतं. मग अडलं कुठे? तिथे ‘हाक मार’ हा निरोप फक्त एकदाच चालतो. पहिला पाहुणा आत आला की निरोप संपला! पुढच्यासाठी तो पुन्हा द्यावा लागतो आणि नेमकी तीच ओळ ती विसरली होती.

मग माझा फोन ‘कनेक्टेड’ का दाखवत होता? कारण आलेल्याला रांगेत बसवून घ्यायचं काम ऑपरेटिंग सिस्टिम परस्पर करून टाकते. दवाखान्यातल्या बाकड्यावर बसायला मिळावं, पण आपला नंबर कोणी पुकारूच नये, तशी माझ्या फोनची गत. वायफाय बिचारं फुकट बदनाम झालं!

तुम्हीही असं काही बनवत असाल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, टेस्टिंगला कमीत कमी दोन फोन घ्या. एकावर चाललं म्हणजे चाललं असं नसतं. दोन, एखादं कनेक्शन फसलं, तरी पुढच्यासाठीचा निरोप द्यायला विसरू नका. नाहीतर एकाच्या चुकीपायी मागची अख्खी रांग ताटकळेल.

अडीच वाजता ती ओळ पडली आणि माझ्या फोनवर पहिला मेसेज आला, ‘झोप आता.’

सकाळी एक्स्टर्नल सरांनी स्वतःचाच फोन पुढे केला. तिसरा! तोही जोडला गेला. आता रूममेट काहीही बनवलं की आधी मला विचारते, “तुझा फोन चार्ज आहे ना?”