मुलीचे शिक्षण बारावीवर थांबवू नका

मिठबावच्या घराघरांत मुली आंब्याच्या पेट्या भरतात, हिशेबही चोख ठेवतात. पण बारावी झाली की ‘आता पुरे’ असे ठरते. बंधुभगिनींनो, ही वाट सहज मिळालेली नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले. मुलींना तेथे प्रवेश मिळू लागला तो १८८३ पासून. पुढे कोकणच्याच मातीतले, दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचली आणि १९१६ साली पुण्याजवळ हिंगण्याला महिला विद्यापीठ काढले. शिकवणे मातृभाषेतून. १९२० साली ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली. तेच आजचे एस.एन.डी.टी. १९२१ साली पहिल्या पाच जणी पदवीधर झाल्या. सरकारी कायद्याची मान्यता मात्र १९५१ साली मिळाली. तोवर त्या मुली शिकतच राहिल्या.

आज कोकण कृषी विद्यापीठाचे उद्यानविद्या महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात, मुळद्याला आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या, ठराविक प्रवर्गांतील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०२४-२५ पासून माफ झाली आहे. आपली मुलगी त्यात बसते का, ते महाविद्यालयात विचारा. निकालाची वाट न पाहता दाखले काढून ठेवा.