विमानाचे शेपूट आणि लहान मेंदू

ट्रॅक्टरने ट्रॉली पुढे ओढून नेणे सोपे, पण तीच मागे ढकलत जागेवर लावणे अवघड. बीड जिल्ह्यात उसाच्या हंगामात राबणारा कोणताही चालक हे सांगेल. मागे घेताना ट्रॉली जराशी तिरपी झाली की तिरपेपणा आपोआप वाढत जातो. नवखा चालक उशिरा जागा होतो, स्टेअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवतो आणि ट्रॉली दुसऱ्याच बाजूला दुमडते. शेपटीला चाक असलेले विमान उतरवायला शिकणाऱ्याची गतही अशीच होते. फक्त त्याला हे पायांनी सावरायचे असते, आणि तेही ताशी ७० किलोमीटरच्या आसपास.

१९५१ मध्ये पहिल्यांदा उडालेले एचटी-२ हे आपले शिकाऊ विमान याच जातीचे. दोन मोठी चाके पुढे, एक छोटे शेपटीखाली. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे मूळचे कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला प्रांट्ल यांच्याकडे शिकलेले. हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे या विमानात गिरवले. फ्लाइंग क्लबांसाठी पुढे आलेले पुष्पकही तसेच. आज बहुतेक प्रशिक्षण संस्थांत नाकाखाली चाक असलेली विमाने दिसतात, आणि त्याला कारण आहे.

शेपटीला चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. धावपट्टीवर विमान थोडे तिरके झाले की मागचे वजन पुढे यायला बघते. वेळीच आवरले नाही तर विमान गर्रकन फिरते, कधी पंखाचे टोक जमिनीला घासते. आवरायचे ते रडरने, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने. त्याची पेडल पायाखाली असतात. उजवे दाबले की नाक उजवीकडे. सायकलच्या हँडलचे नेमके उलट: तिथे उजवी मूठ पुढे ढकलली की चाक डावीकडे वळते. वर्षानुवर्षांची ही सवय घाईच्या क्षणी आडवी येते. भरीस भर म्हणजे रडरचा जोर हवेच्या वेगावर अवलंबून असतो. वेग निम्मा झाला की जोर पाव उरतो. म्हणून ‘उतरलो एकदाचे’ असे वाटून पाय सैल सोडण्याची वेळच सर्वांत धोक्याची.

आता शरीराची बाजू. डोळ्यांनी पाहिले, मेंदूने ठरवले आणि पाय हलला, यात साधारण पाव सेकंद जातो. ताशी ७० च्या वेगात तेवढ्यात विमान जवळजवळ ५ मीटर पुढे गेलेले असते. म्हणजे बघून दाबलेला पाय नेहमी उशिराच पोहोचतो. पुढे काय होणार याचा अंदाज बांधून हालचाल करावी लागते, आणि ते काम मुख्यतः लहान मेंदूचे. घरी करून पाहा. तळहातावर लांब काठी उभी तोलता येते, पेन्सिल येत नाही, कारण ती पडायला लागल्यापासून सावरायला वेळच पुरत नाही. काठी तोलतानाही नजर हातावर ठेवली तर ती पडते. वरच्या टोकावर ठेवली तर टिकते. प्रशिक्षक धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे बघायला लावतात, तेही यासाठीच. नाकासमोर पाहणाऱ्याला तिरपेपणा फार उशिरा कळतो.

भीतीचे काय? घाबरल्यावर पायाचे पुढचे-मागचे स्नायू एकदमच आवळतात, दोन्ही पेडल एकाच वेळी दाबली जातात. ताकद भरपूर लागते, विमान मात्र वळत नाही. असा विद्यार्थी ‘पायांनी कच्चा’ ठरवला जातो, हे अन्यायाचे आहे. पाय ठीक असतात, त्यांना मोकळे व्हायला फक्त सराव हवा. टाच जमिनीवर, पातळ तळाचे बूट, आणि एकदाच जोरात न दाबता चवड्याने सतत हलके दाब.

हा सराव एका दिवसात कोंबून होत नाही. नवी हालचाल मेंदूत पक्की होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. कर्ज काढून बारामती किंवा गोंदियाला शिकायला गेलेली मुले रात्र-रात्र पुस्तके वाचून पहाटे धावपट्टीवर उभी राहतात. पालकांनी फोनवर ‘किती तास उडालास?’ विचारताना ‘किती तास झोपलास?’ हेही विचारावे.