बूच मारले म्हणजे सरबत टिकले असे नव्हे

चैत्र-वैशाखात कोकम, कैरी, करवंदे, काजूची बोंडे सगळी एकदमच पिकतात, आणि त्यातले किती झाडाखाली कुजून जाते ते शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून काही महिला मंडळे आता बाटल्यांना बूच मारायचे हातयंत्र घेतात. विचार उत्तम आहे. परंतु यंत्र घरात आले की माल टिकलाच, ही समजूत महागात पडते.

हे यंत्र अगदी साधे असते. लोखंडी बैठक, उभा खांब, वर दांडा आणि दांड्याखाली घंटेच्या आकाराचे तोंड. बाटलीवर पत्र्याचे दातेरी बूच ठेवून दांडा दाबला की घंटा ते दाते आत मुडपते आणि बूच बाटलीच्या ओठाखाली आवळले जाते. हे बूच अमेरिकेतील बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांचे. पेटंट १८९२ सालचे. पूर्वी त्याला २४ दाते असत, आता २१ असतात. मुलांना मोजायला सांगा. कारखान्यातील फिरते यंत्र मिनिटाला शेकडो बाटल्यांना बुचे मारते, पण क्रिया हीच.

गोळी सोड्याची बाटली मात्र सरबताला उपयोगी नाही. तिच्यातील गोळी आतल्या वायूच्या दाबाने रबरी कड्याला चिकटून राहते. सरबतात वायू नाही, मग गोळी धरणार कोण?

आता मुख्य मुद्दा. बूच बाहेरची हवा व धूळ अडवते. आत राहिलेल्या जंतूंना ते काहीच करीत नाही. फळाच्या सालीवर यीस्ट असते आणि त्याला हवेवाचूनही जगता येते. ते साखर खाऊन मद्यार्क व वायू तयार करते. बूच जितके घट्ट तितका दाब जास्त, आणि एक दिवस फडताळात बाटली फुटते. काच डोळ्यात गेली तर?

घट्ट पाकाला साखरच राखते. पातळ, तयार सरबताला उष्णतेचा आधार हवा. बाटल्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून ब्रशने आतून घासाव्या, स्वच्छ पाण्याने खळबळाव्या आणि गरमच ठेवाव्या, कारण थंड काचेत कढत रस ओतला की ती तडकते. ओठाला टवका गेलेली बाटली बाजूला काढावी. रस ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा (थर्मामीटर घ्याच, बोटाचा अंदाज चालत नाही), वर दोन बोटे जागा ठेवून भरावा व लगेच बूच मारावे. मग बाटली दोन-तीन मिनिटे आडवी ठेवावी, म्हणजे बुचाची आतली बाजूही त्या उष्णतेने शुद्ध होते. गळती असेल तर तीही तेव्हाच दिसते.

औषधी पूड घालायचीच तर कोकमात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट नको; त्याने लाल रंग उडतो. तेथे सोडियम बेंझोएट वापरतात. प्रमाण नियमाप्रमाणे, काट्यावर तोलून. विक्री करायची असल्यास अन्न सुरक्षा कायदा, २००६ खाली नोंदणी लागते.

कीटकनाशकाची किंवा रॉकेलची बाटली कितीही धुतली तरी पेयासाठी वापरू नये. हे दरवर्षी सांगावे लागते.

शहाळ्याचे पाणी, उसाचा रस व दूध मात्र या रीतीने भरून ठेवू नका. त्यांत पुरेसा आंबटपणा नसतो, आणि अशा पेयात काही विषारी जंतूंची बीजे उकळत्या पाण्यातूनही वाचून बंद बाटलीत वाढतात. ती मारायला कारखान्यात दाबाखालची वाफ किंवा तशीच उकळबिंदूच्या वरची उष्णता वापरतात. ते आपल्या चुलीचे काम नाही. साध्या सरबताची बाटली उघडताना फस्स आवाज होऊन फेस आला, तर चव न पाहता ओतून द्यावी.