उभ्या गाडीचा हिशेब

ट्रकवाल्याचं आयुष्य म्हणजे रात्रंदिवस गाडी हाणणं, अशी आपली समजूत. ड्रायव्हर मंडळी मात्र किलोमीटरबद्दल फारशी कुरकुरत नाहीत. त्यांचा वैताग असतो तो गाडी खोटी होण्याचा.

छत्रपती संभाजीनगरात हे बघायचं तर वाळूज एमआयडीसीत जावं. १९८५ साली इथे बजाजचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ सुटे भाग बनवणारे आले. पुढे शेंद्रा, मग ऑरिक या औद्योगिक वसाहती आल्या. कारखान्यांवर आणि कामगारांवर पुष्कळ लिहून झालं. त्यांचा माल पुण्याला, चेन्नईला, न्हावाशेव्याला पोचवणारा माणूस मात्र या शहराच्या खिजगणतीत नाही. गाडीवर एमएच २० लिहिलेलं असतं, एवढाच त्याचा शहराशी संबंध.

गाडी गेटवर लागली की टोकन, रिकाम्या गाडीचा काटा, मग भरतीसाठी नंबर. नंबर दुपारी येईल की उद्या, हे कुणी सांगत नाही. भरल्यावर पुन्हा काटा, बिल्टी, ई-वे बिल. या बिलालाही मुदत असते: जानेवारी २०२१ पासून साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. म्हणजे सकाळी कागद तयार झाले आणि गाडी रात्री सुटली, तर तेवढी मुदत गेटवरच खर्ची पडते. खाली करायच्या ठिकाणीही हीच रांग. ड्रायव्हरचे पैसे बहुतेक ठिकाणी खेपेवर ठरतात. उभ्या गाडीचा भत्ता मिळाला तर मिळाला. २०२५पर्यंत लागू असलेला १९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगत असे. रांगेत गेलेला दिवस रात्री रस्त्यावर भरून काढणाऱ्याला तो कायदा ऐकून हसू येईल.

निघण्याआधी मात्र घाई नसते. ताडपत्रीची रस्सी हुकात अडकवून, अंगाचा भार टाकून ताणायची. मग हातात टामी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन गाडीभोवती फेरी. मागच्या जोडटायरांत आतला टायर बसला तरी बाहेरून दिसत नाही, म्हणून प्रत्येकावर टामी आपटून बघायची. हवा असेल तर टामी टणकन उसळते; नसेल तर आवाज बद्द येतो. दहा टायरच्या गाडीचं एकूण वजन २०१८मध्ये २५ टनांवरून २८.५ टनांपर्यंत वाढवलं गेलं. एवढं ओझं घेऊन घाट उतरताना ब्रेक तापू नयेत म्हणून गिअरवर उतरायचं असतं, हे शिकवावं लागतं.

घाटांचं इथे वेगळंच प्रकरण आहे. धुळ्याकडचा कन्नडचा औट्रम घाट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने ऑगस्ट २०२३पासून अवजड गाड्यांना बंद झाला. कोंडीत रात्र काढणाऱ्या प्रवाशांची सुटका झाली. ट्रकवाल्यांच्या वाट्याला शिऊर बंगल्याकडून वळसा आला. वाढलेलं डिझेल कुणी सोसायचं, यावर मालक आणि माल देणारा यांच्यात घासाघीस होते. ड्रायव्हरला त्यात कुणी विचारत नाही.

मुंबईकडे जायला आता समृद्धी महामार्ग आहे. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. मालकाला टोल परवडला तर सावंगी किंवा माळीवाड्याहून चढायचं, ८०च्या मर्यादेत चालवायचं; इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसाऱ्याचा घाटही टळतो. पण झोप आली तर अवजड गाडी लावायची कुठे, हा प्रश्न या सरळसोट रस्त्यावर पहिल्यापासून आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये वैजापूरजवळ जांबरगावला एक टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळली आणि बारा जण गेले. ट्रक रस्त्यात थांबवल्याच्या आरोपावरून ट्रकचालकाबरोबर परिवहन खात्याच्या दोघांवरही गुन्हा दाखल झाला. माझ्या मते वेगावर कॅमेरे लावण्याइतकंच गाड्या लावायला जागा देणं निकडीचं आहे. कॅमेऱ्यांतून दंड येतो आणि जागेला खर्च लागतो, एवढाच काय तो फरक.

जानेवारी २०२४चा ट्रकवाल्यांचा संप आपल्याला पेट्रोल पंपावरच्या रांगांमुळे आठवतो. नव्या न्याय संहितेतल्या कलम १०६(२)मध्ये, जीवघेणा अपघात करून न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे; संप त्याविरुद्ध होता. ड्रायव्हरांचं म्हणणं साधं होतं: थांबलो तर जमाव सोडत नाही. केंद्राने चर्चेचं आश्वासन दिलं आणि १ जुलै २०२४ला संहिता लागू झाली तेव्हा हे कलम तेवढं बाजूला ठेवलं.

ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. मराठवाड्यातला मे महिना इंजिनाच्या धगीशेजारी काढलेल्यांना ती चैन वाटणार नाही. तरीही पोरं या धंद्यात येईनात. पूर्वी क्लीनर म्हणून चढलेला पोरगा उस्तादाच्या शिव्या खात, काच पुसत, टायर बदलत दोन-तीन वर्षांत स्टेअरिंगवर बसायचा. आता भाडं परवडत नाही म्हणून बऱ्याच गाड्यांवर क्लीनरच नसतो. २०१९मध्ये आठवी पासची अट गेली. वय २० आणि हलक्या वाहनाचा वर्षभराचा परवाना असला की अवजडसाठी अर्ज करता येतो. घाटात गाडी गिअरवर कशी उतरवायची, हे मात्र नव्या पोराला दाखवणारा उस्ताद आता एकटाच गाडी घेऊन निघालेला असतो.