२५७ मतांचा मुख्यमंत्री

कर्नाटकचे सिद्धरामय्या पक्ष बदलूनही निवडून येतात, म्हणजे मतं त्यांची स्वतःची, असं म्हैसूरकडच्या राजकारणाबद्दल सर्रास बोललं जातं. वरवर ते पटतंही. १९८३मध्ये चामुंडेश्वरीतून ते भारतीय लोकदलाचे आमदार झाले; पुढे जनता पक्ष, जनता दल, जनता दल (सेक्युलर) आणि शेवटी काँग्रेस. पण याच मतदारसंघाने त्यांना १९८९ आणि १९९९मध्ये घरी बसवलं, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. जनता दल (सेक्युलर)चे प्रमुख देवेगौडा यांच्याशी फाटल्यावर डिसेंबर २००६मध्ये ते तिथूनच काँग्रेसकडून पोटनिवडणुकीला उभे राहिले, तेव्हा जिंकले अवघ्या २५७ मतांनी. एखाद-दुसऱ्या मतदान केंद्रावरचा कल फिरला असता, तर पुढचं मुख्यमंत्रिपद कुठलं!

माझ्या मते त्यांना तारलं ते मतदारसंघाच्या नकाशाने. फेररचनेनंतर २००८मध्ये वरुणा मतदारसंघ अस्तित्वात आला, त्यांचं गाव सिद्धरामनहुंडी त्यातच, आणि ते तिकडे गेले. दलित, मागास आणि अल्पसंख्याकांची मोट बांधण्याचं त्यांचं कसब यात काहीच नव्हतं का? होतं, नक्कीच, ते स्वतः कुरुब, म्हणजे आपल्या धनगरांच्या जवळचे. पण नुसतं कसब पुरेसं असतं, तर २०१८मध्ये मुख्यमंत्री असताना पुन्हा चामुंडेश्वरीत उभे राहून जनता दल (सेक्युलर)च्या जी. टी. देवेगौडांकडून ३६,०४२ मतांनी ते हरले नसते. त्या वेळी दुसरी जागा म्हणून लढवलेल्या दूरच्या बदामीने १,६९६ मतांनी त्यांची आमदारकी राखली. २०२३मध्ये ते वरुणात परतले आणि भाजपच्या व्ही. सोमण्णांना ४६,१६३ मतांनी हरवून दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले.