निरोगी कोंबडीला लस कशासाठी?

3 डिसेंबर 1988. ब्रिटनच्या आरोग्य खात्यातल्या कनिष्ठ मंत्री एडविना करी टीव्हीवर बोलून गेल्या, की देशातल्या बहुतेक अंडी उत्पादनात साल्मोनेला शिरला आहे. अंड्यांचा खप धाडकन कोसळला, पोल्ट्रीवाले खवळले आणि दोन आठवड्यांच्या आत करीबाईंना मंत्रिपद सोडावं लागलं. विधान जरा जास्तच सरसकट होतं. रोग मात्र खरा होता.

साल्मोनेला एन्टरिटिडिस हा जंतू पोटात गेला की ताप, जुलाब, मुरडा सुरू होतो. तान्ह्या बाळांच्या आणि म्हाताऱ्यांच्या तर जिवावर बेतू शकतं. कोंबडी मात्र बहुधा ठणठणीत दिसते, दाणे टिपते, अंडी देत राहते. जंतू तिच्या अंडाशयात आणि अंडनलिकेत ठाण मांडतो, त्यामुळे कवच चढण्याआधीच तो अंड्यात पोहोचलेला असतो. असं अंडं बाहेरून कितीही धुतलं तरी उपयोग नाही.

इथेच खरी अडचण आहे. राणीखेत रोगाची लस पोल्ट्रीवाला कुणी न सांगता देतो, कारण ती साथ आली की शेडच्या शेड रिकामी होते. साल्मोनेलाने त्याचे पक्षी मरत नाहीत. आजारी पडतं ते गिऱ्हाईक. मग लसीचा खर्च त्याने का सोसावा?

ब्रिटनमध्ये तो बाजाराने सोसायला लावला. 1998मध्ये तिथल्या अंडी उद्योगाने लाल सिंहाचा शिक्का आणला. शिक्का हवा, तर कोंबड्यांना लस द्यायचीच, ही अट होती.

लसीच्या एका प्रकारात दुबळे केलेले जिवंत जंतू पिल्लांना बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्यातून देतात. आधी तास-दोन तास पाणी बंद ठेवतात, म्हणजे सगळी तहानलेली पिल्लं एकदम पितात. पाण्यात क्लोरीन राहिलं तर लसच मरते, म्हणून त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळतात. निळा रंग घातला असेल, तर पिल्लांच्या जिभा बघून कुणाला लस पोचली ते कळतं. मृत जंतूंची लस मात्र टोचावी लागते, तीही कोंबडी अंड्यावर येण्याआधी.

लस घेतलेल्या कोंबडीलाही लागण होऊ शकते; फक्त तिची शक्यता आणि विष्ठेतून, अंड्यांतून होणारा फैलाव कमी होतो. म्हणून उंदरांचा बंदोबस्त, शेडची सफाई आणि विष्ठेची तपासणी सुटत नाही.

या सगळ्याचा परिणाम आकड्यांत दिसला. इंग्लंड आणि वेल्समध्ये या जंतूच्या मुख्य प्रकाराचे 1997मध्ये 14,771 रुग्ण नोंदले गेले होते. 2009मध्ये उरले 581. 2008पासून युरोपीय संघानेही जास्त लागण असलेल्या सदस्य देशांना अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लसीकरण सक्तीचं केलं.

ऑक्टोबर 2017मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने आपला जुना सल्ला बदलला. गरोदर बायका, लहान मुलं आणि वृद्ध यांनी कच्चं किंवा अर्धकच्चं अंडं खायला हरकत नाही, पण ते सिंहछाप असेल तरच, असं तिने तेव्हा सांगितलं. बाकीची अंडी त्यांनी पूर्ण शिजवूनच खायची होती.