हलता पिंजरा

दोन्ही तळवे छातीच्या खालच्या फासळ्यांवर ठेवा, एक डावीकडे, एक उजवीकडे. आता खोल श्वास घ्या. हात एकमेकांपासून लांब गेले ना? मग एक तळवा गळ्याच्या जरा खाली, मधल्या हाडावर ठेवा आणि पुन्हा श्वास घ्या. या वेळी हात पुढे आणि वर सरकला. छाती एकच, श्वासही तसाच, तरी दोन भागांनी दोन वेगळ्या दिशा धरल्या! खालच्या फासळ्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला उचलल्या जातात आणि वरच्या हातपंपाच्या दांड्यासारख्या पुढे येतात.

आपण याला ‘छातीचा पिंजरा’ म्हणतो आणि मनात लोखंडी गजांचं काहीतरी आणतो. हा पिंजरा दिवसातून वीसेक हजार वेळा उघडतो आणि मिटतो. 24 फासळ्यांपैकी प्रत्येक मागं मणक्यांना सांध्यानं जोडलेली असते. पुढं वरच्या सात जोड्या लवचीक कूर्चेनं थेट मधल्या हाडाला जोडलेल्या, पुढच्या तीन वरच्या कूर्चेच्या आधारानं आणि शेवटच्या दोन तर पुढं कशालाच न जोडलेल्या. घरातलं कुठलं बिजागर तेल न घालता इतकं चालेल?

मग अशा हलत्या यंत्राभोवती कुणी कापड आवळून का बांधावं?

इंदूरच्या विजय नगरात, स्कीम 54 किंवा 78 मधल्या एखाद्या ऑफिसात काम करणारा ट्रान्स पुरुष डोळ्यांसमोर आणा. जन्माच्या वेळी त्याची नोंद मुलगी अशी झाली, पण तो पुरुष आहे. टेस्टोस्टेरॉन घेतल्यावर दाढी येते, आवाज फुटतो, खांदे भरतात. छाती मात्र जात नाही, कारण एकदा वाढलेल्या स्तनांच्या ऊती हार्मोनच्या सांगण्यावरून नाहीशा होत नाहीत. मॉलच्या दारात तपासणीसाठी बायकांची एक रांग आणि पुरुषांची एक. तिथं त्याला सगळ्यात आधी आठवते ती छाती. ती सपाट दिसली तर शर्ट नीट बसतो, पाठ ताठ होते आणि माणूस रस्त्यावर इतरांसारखा बिनधास्त चालतो. म्हणून तो ती बांधतो.

सगळ्यात जवळचा उपाय म्हणजे क्रेप बँडेज. कुठल्याही मेडिकलमध्ये ‘मोच आली आहे’ म्हटलं की मिळतं, कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. आणि सगळ्यात वाईट उपायही तोच. का, ते कळायला आपल्याला दोनशे वर्षं मागं, फ्रान्समध्ये जावं लागेल.

पियेर-सिमों लाप्लास हा गणिती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला द्रवाच्या वक्र पृष्ठभागांचा विचार करत होता. त्याच्या गणितातून एक देखणा नियम हाती आला: ताणलेलं आवरण आतल्या वस्तूवर किती दाब देईल, हे ताणाइतकंच वक्रतेवरही ठरतं. वळण जितकं तीव्र, तितका दाब जास्त. सपाट जागी ताणलेली पट्टी जवळजवळ दाबतच नाही. पायाच्या फुगलेल्या शिरांवर पट्टी बांधताना डॉक्टर आजही हाच हिशेब वापरतात. एक वेढा तर एकपट दाब, तीन वेढे तर जवळपास तिप्पट.

आता हा नियम छातीला लावा, आणि गंमत बघा. माणसाच्या छातीचा आडवा छेद गोल नसतो, लांबट असतो. पुढून चपटा, काखेखाली एकदम वळलेला. बांधायला सुरुवात केली की पट्टीचा दाब आधी पुढं आलेल्या भागावर पडतो, कारण वळण तिथं आहे. तो भाग सपाट व्हायला लागला की तिथली वक्रता संपते आणि तिथला दाबही संपतो. मग आणखी आवळलं तर ते बळ कुठं जाईल? दोन्ही बाजूंच्या फासळ्यांवर! म्हणजे एका मर्यादेपलीकडं जितकं घट्ट कराल तितकी छाती सपाट होत नाही, फक्त फासळ्या पिळल्या जातात. छाती सपाट करायला मुद्दाम शिवलेला कपडा म्हणजे बाइंडर. ‘तो एक साइझ लहान घेतला की जास्त सपाट दिसेल’ या लोकप्रिय समजुतीला लाप्लासनं ती जन्मण्याआधीच उत्तर देऊन ठेवलं होतं.

चांगला बाइंडर हे भांडण फार हुशारीनं सोडवतो. दिसायला ते साधं आखूड बनियन असतं. पण पुढचं कापड जवळजवळ न ताणणारं, मागचं ताणणारं. पुढचा पट्टा ऊतींना आवळण्याऐवजी बाजूला आणि खाली पसरवतो. स्तनात हाड नसतं, चरबी, ग्रंथी आणि बारीक तंतू असतात, म्हणूनच हे जमतं. मागचं कापड प्रत्येक श्वासाला थोडी जागा देतं. माप टेपनं घ्यायचं, आशेनं नाही.

चिकट टेपची युक्ती मला याहूनही जास्त आवडते. खेळाडूंच्या गुडघ्यांवर रंगीत चिकटपट्ट्या पाहिल्या असतील. केन्झो कासे या जपानी उपचारकानं 1970 च्या दशकात त्या काढल्या. त्याच जातीची पट्टी ऊतींना काखेकडं ओढून चिकटवतात. ती छातीभोवती फिरतच नाही! वेढा नाही, म्हणजे लाप्लासचा दाब नाही, फासळ्या मोकळ्या. किंमत कातडीला मोजावी लागते. आधी छोटा तुकडा लावून बघायचं, आणि काढताना खोबरेल तेल मुरवून सावकाश सोडवायची, ओरबाडायची नाही. सामान बांधायची साधी चिकटपट्टी हा मात्र पर्याय नव्हेच.

एवढं करूनही त्रास होतो का? होतो. सारा पाइट्झमायर आणि सहकाऱ्यांनी 1800 ट्रान्स प्रौढांना विचारून केलेलं सर्वेक्षण 2017 साली छापून आलं. त्यात 97 टक्क्यांहून जास्त जणांना काही ना काही त्रास झालेला होता. निम्म्याहून अधिक जणांची पाठ दुखत होती, जवळपास तितक्यांनाच उकडण्याचा त्रास होता आणि निम्म्याच्या आसपास लोकांना छातीत दुखत होतं किंवा धाप लागत होती. तयार बाइंडर वापरणारेही यातून सुटले नव्हते. तरीही बांधल्यानं मनाला बरं वाटतं, हे त्याच लोकांनी सांगितलं. हौसेखातर कुणी इतकं सोसत नाही.

त्या सर्वेक्षणात एक गोष्ट सातत्यानं पुढं आली. आठवड्यातले जितके जास्त दिवस बांधावं, तितका त्रास जास्त. म्हणजे सुट्टीचा दिवस हे औषध आहे. रविवारी घरी सैल, गडद रंगाचा किंवा मोठ्या छापाचा शर्ट घालून फासळ्यांना त्यांचं काम करू द्यायचं. रोजच्या वापरात आठ तासांच्या पुढं जाऊ नये आणि बांधून झोपू नये, असं जाणकार सांगतात. जिना चढायचा, धावायचं, जिमला जायचं तर बाइंडर काढून सैल स्पोर्ट्स ब्रा बरी. शांत बसल्यावर एका श्वासात अर्धा लिटर हवा पुरते आणि ते काम बरंचसं पोटावरचा पडदा उरकतो. पण धावताना दोन-तीन लिटर लागते, आणि ती फासळ्या उघडल्याशिवाय येत नाही.

आणखी एक गंमत, जी तुम्ही हे वाचतानाही करत आहात. दर पाचेक मिनिटांनी आपण नकळत एक मोठा उसासा टाकतो. दुःखाचा नव्हे, देखभालीचा! फुप्फुसात कोट्यवधी इवल्या पिशव्या असतात, त्यातल्या काही अधूनमधून मिटतात, आणि हा दुप्पट खोल श्वास त्यांना पुन्हा फुगवतो. आवळलेल्या छातीला तो पुरता घेता येत नाही. म्हणून बाइंडर काढल्यावर आधी दोन-चार खोल श्वास घ्यायचे, एकदा नीट खोकायचं, मग दारात हात टेकून छाती ताणायची आणि खांदे मागं फिरवायचे.

उरला इंदूरचा मे महिना. पारा चाळिशी ओलांडतो, आणि माळव्याच्या कोरड्या हवेत शरीराकडं एकच शीतयंत्र असतं: घाम. एक लिटर घाम वाळताना अंगातून साधारण 2400 किलोज्यूल उष्णता नेतो. वीस अंशांचं सात लिटर पाणी उकळीला आणायला जवळपास इतकीच लागते! पण नायलॉनखाली घाम वाळत नाही, नुसता साचतो. आत पातळ सुती बनियन, बाटलीत पाणी, दुपारची कामं सकाळी. पावसाळ्यात तीच ओल बुरशीला आवडते. बाइंडर रोज धुवायचा, पूर्ण वाळल्याशिवाय घालायचा नाही, आणि खाज सुटली तर मेडिकलवाल्यानं हातात ठेवलेलं स्टेरॉइडचं मलम लावायचं नाही. त्यानं नायटा दोन दिवस दबतो आणि मग दुप्पट पसरतो. कातडीच्या डॉक्टरला खरं कारण सांगितलेलं बरं.

बोटं बधिर होणं, फासळीत एकाच जागी टोचणं, काढल्यावरही न थांबणारी धाप ही तपासून घ्यायची लक्षणं आहेत. दमा किंवा पाठीचा कणा वाकडा असेल तर आधीच डॉक्टरला विचारावं. याच इंदुरात डिसेंबर 2023 मध्ये एका ट्रान्स पुरुषानं विशेष विवाह कायद्याखाली रीतसर लग्न केलं. त्या मानानं डॉक्टरसमोर शर्टाची बटणं उघडणं सोपं असायला हवं. नसतं, हे खरं.

कायमचा मार्ग शस्त्रक्रियेचा. 2022 साली केंद्र सरकारनं आयुष्मान भारतखाली ट्रान्स व्यक्तींसाठी वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण जाहीर केलं, त्यात अशा शस्त्रक्रियाही धरल्या. सर्जन ऊती काढतो, खालचा छातीचा स्नायू तसाच ठेवतो, आणि टाके घातल्यावर रुग्णाच्या अंगात काय चढवतो? दाब देणारं घट्ट बनियन! सूज चढू नये, आत पाणी साचू नये म्हणून ते पुढचे काही आठवडे घालावं लागतं.